आधी नखं दाखवा

माझ्या डिग्रीचा कागद त्यांनी पाहिलाच नाही.

मी तो लॅमिनेट करून फाइलीत घातला होता, फाइल पिशवीत, आणि पिशवी पोटाशी धरलेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मजूर. आई सही करायला माझ्याकडून शिकली. मला समाजकार्याची पदवी मिळाली तेव्हा बाबांनी क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत पेढे वाटले, आणि ज्यांच्याशी अबोला होता त्यांना मुद्दाम दोन-दोन दिले. तर असा तो कागद.

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्या दुमजली घराच्या फाटकात एक उंच, टकले, खाकी पँटीतले गृहस्थ स्टुलावर बसले होते. पायाशी बादली, बादलीशेजारी साबण. मी म्हटलं, "मी नवीन समुपदेशक. आजपासून हजर होऊन राहिली." आणि फाइल पुढे केली.

"फाइल राहू दे. नखं दाखव."

"काय?"

"नखं. हाताची. पायाची मंग पाहू."

मी बोटं पुढे केली. माझी नखं शाळा सुटल्यानंतर कुणी तपासली नव्हती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक बोट उलटंसुलटं केलं आणि उजव्या अंगठ्याशी थांबले.

"हे काय होय?"

"शाई."

"शाई तं शाई. काप."

असं माझ्या नोकरीचं पहिलं काम फाटकात उभं राहून नख कापणं हे झालं. फाइल उघडली गेली ती संध्याकाळी, आणि तीही मीच उघडली, कागद ओला तर नाही झाला हे पाहायला.

ते घर कॅन्सरच्या मुलांचं होतं. दवाखाना थोड्या अंतरावर. तिथे मुलांना औषध मिळायचं. औषध आणि पुढचं औषध यांच्यामधले जे दिवस असतात ते आमच्याकडे. लांबलांबच्या गावांतून आलेलं पोर आणि त्याच्यासोबतचं एक माणूस आमच्याकडे राहायचं, जेवायचं, शाळा शिकायचं, खेळायचं, रडायचं. या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली जातात. त्याला तिथं सगळे "काउंट" म्हणायचे. काउंट खाली असताना एखादा किरकोळ जंतूही पोराला थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. म्हणून ताजं, गरम, झाकलेलं खायचं, उकळलेलं पाणी प्यायचं आणि हात धुवायचे. कॉलेजात मला हे दोन ओळींत शिकवलं होतं. फाटकातल्या त्या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या काकांनी, त्या दोन ओळींचं संस्थान करून ठेवलं होतं.

काका मूळचे गोंदियाकडचे. पस्तीस वर्षं रेल्वेत आरोग्य निरीक्षक. त्यांचं काम म्हणजे फलाटावरच्या ठेल्यांचे समोसे, भजी, पाणी तपासायचं आणि शिळं निघालं की जागच्या जागी फेकायचं. ते म्हणायचे, "मी इतके समोसे फेकले ना, की या लायनीवरची कुत्री मले ओळखत होती." घरी आल्यागेल्या लोकांना वाटायचं, यांच्या कुटुंबात कुणाला तरी हा आजार झाला असणार, म्हणून सेवा करतात. कुणालाच झाला नव्हता. रिटायर झाले, घरात तपासायला काही उरलं नाही, म्हणून आले.

खरं तर त्यांच्या सुनेनं आणून सोडलं. शंकर नगरात मुलाकडे राहायचे. तिथे त्यांनी सुनेच्या वरणात थर्मामीटर बुडवला. एकदा नव्हे, रोज. सून शिकलेली, शाळेत मास्तरीण. तिनं चौकशी करून आमचं घर शोधून काढलं आणि सकाळी साडेआठला त्यांना स्कूटीवरून फाटकाशी उतरवून म्हणाली, "संध्याकाळपर्यंत ठेवा." बालवाडीत पोर सोडतात तसं. डबासुद्धा द्यायची. तो उघडून काका आधी हुंगायचे. पुढे त्यांनी स्वतःची जुनी स्कूटर दुरुस्त करून घेतली, पण डबा हुंगणं काही सुटलं नाही.

थर्मामीटर मात्र त्यांच्या खिशात कायम. लांब दांडीचा, घड्याळासारख्या तबकडीचा. आमच्या स्वयंपाकघरात डाळ तयार झाली की हे येणार, दांडी बुडवणार, तबकडीकडे पाहत उभे राहणार. स्वयंपाकीणबाई दात-ओठ खात उभी. काटा वर चढला की म्हणायचे, "ताप डाळीले पायजे, पोराले नाई." हे वाक्य मी दिवसातून दोनदा, सहा वर्षं ऐकलं.

मुलं त्यांना "नखवाले बबा" म्हणायची. छत्तीसगढीत बबा म्हणजे आजोबा. औषधानं केस गेलेली मुलं सकाळी ओट्यावर उन्हात बसायची, काका त्यांच्यात बसायचे आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणायचे, "तुमाले डॉक्टर लागला, इंजेक्शन लागलं. माये पाहा, फुकटात गेले. अन् तुमचे वापस येतीन, मी बसलो वाट पाहत." मुलं खिदळायची. आया मात्र आधी दचकायच्या आणि मग, आपलं पोर हसतंय म्हणून, पदराआड हसायच्या.

त्या घरात एक शब्द बंद होता. "बिचारा." मराठीत, हिंदीत, कुठल्याही भाषेत. जो उच्चारील त्यानं स्वयंपाकघरात बसून पाव किलो लसूण सोलायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दुपारी मी एका चार वर्षांच्या मुलाला पाहून बोलून गेले. काकांनी लसणाची टोपली माझ्या पुढ्यात आणून ठेवली.

मी म्हटलं, "काका, मी समुपदेशक आहे. एवढं शिकून आली मी."

"हो ना. अन् तरी बोल्ली."

"सहज निघालं तोंडातून."

"ते पोरगं आत्ता भोवऱ्यासाठी त्या मोठ्या पोट्ट्याले चावलं. बिचारं कोणत्या बाजूनं हाये ते सांग मले, डिग्रीबाई."

डिग्रीबाई हे नाव तेव्हापासून चिकटलं. मला राग यायचा. त्या डिग्रीसाठी मी रात्रशाळेच्या मास्तरणीकडून इंग्रजी शिकले होते, आणि हा माणूस तिचं नाव लसणासोबत घेत होता! पण लसूण सोलता सोलता माझी तीन आयांशी ओळख झाली, आणि कोणती आई रात्री झोपत नाही हे कळलं. पुढे माझं अर्धं समुपदेशन त्या टोपलीपाशीच झालं. सदर बाजारातल्या एका सराफाच्या सौभाग्यवती फळं घेऊन आल्या होत्या. "बेचारे" म्हणाल्या, सोलायला बसल्या आणि त्यानंतर दर मंगळवारी आपणहून सोलायला यायला लागल्या. म्हणायच्या, घरी एवढं मोकळं बोलायला मिळत नाही.

छत्तीसगढ राज्य तेव्हा नवीन होतं. राजधानी नवीन, म्हणून नेते नवीन, आणि नेते पुष्कळ म्हणून वाढदिवस पुष्कळ. ज्याचा वाढदिवस तो आजारी मुलांना फळं वाटायला येणार, हे ठरलेलं. एकदा असेच एक भैयाजी आले. गळ्यात झेंडूचा हार, मागे वीसेक माणसं, फोटोवाला, टोपलीभर द्राक्षं आणि तीन मजली केक. काका फाटकात बादलीपाशी.

"हार बाहेर. फुलाले बुरशी राहाते. द्राक्षं बाहेर. केक बाहेर. माणसं बाहेर," काका म्हणाले. "तुम्ही या. हाथ दिखाइये."

भैयाजींनी हसून नमस्कारासाठी हात जोडले. काकांनी ते जोडलेले हात तसेच धरले आणि उघडले. उजव्या करंगळीचं नख इंचभर वाढवलेलं.

"ये?"

"अरे काका, ये तो शौक का है."

"शौक बाहर रखिये. अंदर बच्चे हैं." आणि नेलकटर पुढे.

कुणीतरी मागून म्हणालं, "बुड्ढे को पता नहीं, किससे बात कर रहा है." काका म्हणाले, "पता है. बर्थडे बॉय से." खिडकीच्या जाळीला नाकं लावून आमची सगळी टकली पलटण पाहत होती. भैयाजींनी एकदा मागे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि कापलं. खिडकीतून अशा टाळ्या पडल्या की त्यांना त्यांच्या सभेतही पडल्या नसतील. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो नख कापतानाचाच. केक ड्रायव्हर लोकांनी संपवला.

एवढा काटेकोर हा माणूस. आणि एका संध्याकाळी मी सदर बाजारातून जात होते तर एका गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर, नालीच्या काठाला, द्रोण हातात घेऊन कोण उभं? ठेलेवाला कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून गुपचुप भरून देत होता आणि काका डोळे मिटून खात होते. मी मोजले. माझ्यादेखत अकरा.

मी म्हटलं, "काका!"

ते जरासुद्धा दचकले नाहीत. बारावा तोंडात टाकला, गिळला, रुमालानं ओठ पुसले. "माये काउंट चांगले हायेत," म्हणाले. "तू खातं काय?"

आता दुलारीचं सांगते. तिच्यासाठीच लिहायला बसले.

दुलारी दहा वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. आई तान्ह्या बाळाला घेऊन गावी, म्हणून सोबत आजी आलेली. तिकडे म्हातारीला डोकरी म्हणतात आणि आईला दाई, म्हणून सगळे तिला डोकरी दाई म्हणायचे. काटकुळी, कपाळापर्यंत गोंदलेली, आवाज मात्र पिठाच्या गिरणीवरून पलीकडे ऐकू जावा असा. काकांचे आणि तिचे पहिल्या दिवसापासून खटके. काका म्हणायचे हात धू. ती म्हणायची, मी सात पोरं याच हातांनी वाढवली. काका म्हणायचे तेव्हा साबण नव्हता. ती म्हणायची तेव्हा तूही नव्हतास, म्हणून वाढली.

चौथ्या महिन्यात औषधानं दुलारीचं तोंड आलं. साधं तोंड येतं तसं नव्हे. ओठांपासून घशापर्यंत आतून सोलून निघालेलं. खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, मलम, दुखणं कमी व्हायचं औषध, सगळं चालू होतं. पण घास आत जाईना. वरण झोंबायचं, मिठाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी. गरम तर काहीच नको. आणि आमच्याकडे तर सगळं गरमच. तीन दिवस ती पोर दुधाच्या घोटांवर होती. डॉक्टर म्हणाले, "सोमवारचं इंजेक्शन आहे. तोंड बरं झालं, पोटात अन्न जायला लागलं, तर देऊ. नाहीतर पुढे ढकलावं लागेल." आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ता आजार दबला आहे. फार ढकललं तर तो परत डोकं वर काढेल. समजलं ना?" समजलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी काका वरच्या मजल्यावरून जाताना दारात थांबले. हुंगलं. त्यांच्या नाकाबद्दल मी काय सांगू! सरळ आत गेले, वाकले आणि दुलारीच्या खाटेखालून अॅल्युमिनियमचा गंज, म्हणजे उभं पातेलं, ओढून काढला. आत बासी. छत्तीसगढात रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तो गार, आंबूस भात खातात. ती बासी. गरिबाचं, श्रीमंताचं, सगळ्यांचं आवडतं खाणं. पण हा भात रात्रीचा, पाणी अंगणातल्या नळाचं, आणि झाकण म्हणून वर फक्त एक वही.

काकांनी पस्तीस वर्षं जे केलं तेच केलं. गंज उचलला, मोरीत गेले, ओतला.

परत आले तेव्हा त्यांना दिसलं. मला आधीच दिसलं होतं. दुलारीच्या हातात चमचा होता आणि हनुवटीला भाताची दोन शितं.

चार दिवसांत ती पहिल्यांदा खात होती.

"अन्न ल कोनो फेंकथे गा?" डोकरी दाई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली. दुलारीनं चमचा खाटेवर ठेवला आणि भिंतीकडे वळून झोपली. संध्याकाळचं दूधही नाकारलं.

मी काकांना म्हटलं, "काका, नियम बरोबर आहे. पण..."

"पण काय? पोरीचे काउंट पाचशेच्या खाली हायेत. त्या पाण्यात काय काय असंन तुले माहीत हाये? हगवण लागली तं?"

"मले सगळं माहीत आहे. पण ती खाऊन राहिली होती."

त्या दिवशी काका डाळीत थर्मामीटर बुडवायचे विसरले. स्वयंपाकीणबाई येऊन मला विचारून गेली, त्यांना बरं नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आले तर खाट रिकामी. गाठोडं नाही, गंज नाही. बाजूच्या खाटेवरच्या आईनं सांगितलं, पहाटे उठून गेली, नोनीला, म्हणजे पोरीला, घरी नेते म्हणाली, तिथे खाईल तरी. आमच्या रजिस्टरात "घरी गेले" असा एक रकाना होता. मी तिथं होते तेवढ्या काळात, उपचार अर्धे सोडून त्या रकान्यात गेलेलं पोर फार क्वचित परत आलं. आणि आलं तेव्हा उशीर झालेला असायचा.

काका दारात उभे. हातात साबण तसाच.

"गाडी किती वाजता हाये तिच्या गावची?"

"साडेनवाला. पंडरीच्या स्टँडवरून."

"बस मागं."

त्यांच्या स्कूटरवर मी पहिल्यांदाच बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवणारा माणूस फाफाडीहच्या चौकात लाल दिव्यातून निघून गेला. मी मागून ओरडले तर म्हणाले, "पावती घरी पाठवतीन."

स्टँडवर दोघी बाकावर सापडल्या. दुलारी मास्क लावून आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. गाडी समोर लागलेली, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. मी काकांना म्हटलं, "तुम्ही थांबा. हे माझं काम आहे." आणि खाली बसून मी जे जे शिकले होते ते सगळं वापरलं. आधी ऐकून घेतलं, मग समजून घेतल्याचं सांगितलं, मग इंजेक्शनचं महत्त्व, मग सोमवार. शांत आवाजात. मध्ये मध्ये थांबून. माझ्या प्राध्यापिकेनं पैकीच्या पैकी गुण दिले असते.

डोकरी दाईनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "तोर बिहाव होय हे, नोनी?"

"नाही, दाई."

"लइका?"

"लग्नच नाही तर मूल कुठून?"

"तभे," ती म्हणाली. तरीच. आणि गाठोडं उचललं.

तेव्हा काका पुढे झाले. ते तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. गुडघे असे वाजले की बाजूच्या माणसानं वळून पाहिलं. त्या स्टँडची जमीन कशी असते ते रायपूरचा माणूस जाणतो. काकांनी त्या जमिनीवर हात टेकला.

"दाई," ते म्हणाले, "बासी बनाना मेरे को सिखा दे. मैं खुद बनाऊंगा नोनी के लिए."

दाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मेरे को थोड़ा मालूम है," काका म्हणाले. "चावल कुकर में चार सीटी. फिर गरम पानी डालने का..."

दाई थांबली. "कुकर म? बासी ल कुकर म?"

"हां. फिर गरम पानी."

"गरम पानी?" तिनं गाठोडं खाली ठेवलं. "ये डोकरा तो कुछु नइ जानय!"

बाजूला टोपली घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, भात आधी मोकळा करून गार होऊ द्यायचा. दाई म्हणाली, तेच तर. तिच्या पलीकडचा सायकलची चाकं घेऊन चाललेला माणूस म्हणाला, आमच्याकडे पाण्यात पसिया, म्हणजे भाताची पेजही घालतात. दाई म्हणाली, पसिया घातला की लवकर आंबतं, आजाऱ्याला नको. कंडक्टर गावांची नावं ओरडायची सोडून आला आणि म्हणाला, त्याच्या आईच्या बासीत थोडं ताक असतं. दोघीतिघी एकदम त्याच्यावर तुटून पडल्या, ताक घातलं तर बासीची चव कुठे राहिली? काका प्रत्येकाकडे मान वळवून ऐकत होते आणि मध्ये मध्ये असे काही प्रश्न विचारत होते की माणसानं कपाळावर हात मारावा. "चमच्यानं ढवळायचं की मिक्सरमध्ये?" एकानं तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "बबा, तैं कोन देस के आस?"

पस्तीस वर्षं हा माणूस रायपूरच्या फलाटांवर हिंडला. त्याला बासी कशी करतात हे माहीत नसेल? मी नंतर खूपदा विचारलं. एकदाही सरळ उत्तर मिळालं नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला, दुसरा दिला. कंडक्टर ताकाचा मुद्दा अर्धा टाकून पळाला. गाडी सुटली तेव्हा डोकरी दाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती हातवारे करून सांगत होती की पाणी भाताच्या वर किती बोटं हवं.

मग तिला कळलं. रिकाम्या जागेकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"चल," ती म्हणाली. "देखाहूँ तोला. तोर ले नइ होवय." दाखवते तुला, तुझ्याच्यानं व्हायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी जो तह झाला त्याची कलमं मी स्वतः ऐकली. भात ताजा, आत्ता शिजवलेला. पाणी उकळून, झाकून गार केलेलं. रात्रभर ठेवायचं नाही. गार झाला की तासाभरात खायचा, उरला तर टाकायचा, आणि टाकेल तो काका नव्हे, दाई. दाई म्हणाली, ही मग बासी नव्हेच. त्याच दिवशीच्या भाताला बोरे म्हणतात. काका म्हणाले, तू काहीही म्हण. आणि वहीत लिहिलं, "बासी (ताजी)."

मग काका भाताला हात लावणार तेवढ्यात दाईनं त्यांचं मनगट धरलं. बोटं पाहिली. मधल्या बोटात पोवळ्याची जाड अंगठी.

"मुँदरी हेर," ती म्हणाली. अंगठी काढ. तिच्याखाली काय साचलंय कुणाला माहीत?

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती अंगठी तीस वर्षं त्या बोटात होती. पाण्यानं निघेना, साबणानं निघेना. शेवटी स्वयंपाकीणबाईनं गोडं तेल ओतलं आणि तिनं एका बाजूनं ओढली, दाईनं दुसऱ्या. निघाली तेव्हा बोटावर खाली पांढरं, मऊ, सुरकुतलेलं वर्तुळ. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि स्वतःच नाक मुरडलं. "बरोबर हाये बुढी," म्हणाले आणि कोपरापर्यंत हात धुवायला गेले.

दुलारीपुढे वाटी ठेवली. गार भात, गार पाणी, दुसरं काहीही नाही. काका म्हणाले, "दुखरं तोंड घेऊन खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नाई. फिरा." म्हणून आम्ही तिघंही, मी, काका आणि डोकरी दाई, भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे राहिलो. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. दारातून जाणाऱ्या एका पोरानं विचारलं, "बबा, का गलती करे हव?" मागे काहीच आवाज नव्हता. माझ्या नाकासमोर भिंतीचा रंग उडालेला होता, त्याचा आकार मी अजून काढून दाखवू शकते. दाईचे ओठ हलत होते. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दुसरा. काका बोटांवर मोजत होते. सात झाले. पहिल्या दिवशी सात.

दुसऱ्या दिवशी बारा. मग वीस. रोज दुपारी, रोज संध्याकाळी आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे. भात उरला की दाई टाकायची, टाकताना काकांकडे पाहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. काउंट हळूहळू वर यायला लागले. पण तोंडाचं काय, ते दुलारी सांगेना. विचारलं की मान हलवायची, हो की नाही ते कळायचं नाही. डॉक्टर रविवारी संध्याकाळी येऊन ठरवणार होते.

शनिवारी दुपारी आम्ही नेहमीसारखे भिंतीला तोंड देऊन उभे होतो. तीन चमचे वाजले. मग थांबलं. काकांची बोटं तिथंच थांबली. मला वाटलं, झालं, परत झोंबलं.

"बबा," मागून दुलारी म्हणाली. वैतागून. आठ दिवसांत तिचा पहिला धड आवाज. "येमा नून काबर नइ हे? फिक्का लागथे."

मीठ! ज्या पोरीला मिठाचा कण सोसवत नव्हता ती मीठ मागत होती.

मी डबा आणायला वळले, पण डोकरी दाई माझ्या आधी वळली होती. तिनं कमरेला खोचलेला पदर ओढला. त्याच्या टोकाला गाठ होती. दातांनी सोडली. आत खडेमीठ, घामानं ओलसर झालेलं. किती दिवस ते बांधून हिंडत होती, देव जाणे. तिनं चिमूट काढली आणि हात वाटीवर नेला.

काकांनी पदर पाहिला. गाठ पाहिली. दात पाहिले. त्यांनी तोंड उघडलं, आणि मला पुढचं वाक्य पाठ होतं.

त्यांनी तोंड मिटलं आणि परत भिंतीकडे वळले.

"मिठात काई जगत नाई," भिंतीला म्हणाले.

सोमवारचं इंजेक्शन सोमवारी झालं.